घराजवळ बंदुकांचे दुकान: विरोध कशाला करायचा आणि मागायचे काय?

मृण्मयी_ज (धागाकर्ती)

आमच्या कॅलिफोर्नियातल्या ईस्ट बे भागातल्या एका शहरात बंदुकांच्या दुकानासाठी अर्ज आला आहे आणि नियोजन आयोगापुढे लवकरच त्याची जाहीर सुनावणी होणार आहे. या भागात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. गटागटांतून सह्यांचे पत्रक फिरते आहे आणि ‘शाळेजवळ बंदुका नकोत’ या एका वाक्यापलीकडे कोणी फारसे बोलत नाही. माझाही कल विरोधाकडेच आहे. तरीही सही करण्यापूर्वी मला इथल्या जाणत्या मंडळींशी सविस्तर बोलायचे आहे, कारण हाच वाद आमच्या अलामीडा काउंटीत एकदा सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत लढला गेला आहे आणि त्यातून शेजाऱ्यांच्या हाती नेमके काय लागले, याचा मला अजून समाधानकारक उलगडा झालेला नाही.

ते प्रकरण थोडक्यात सांगते. सॅन लोरेन्झोजवळ तीन भागीदारांना बंदुकांचे दुकान काढायचे होते. काउंटीच्या नियमानुसार असे दुकान निवासी विभाग, शाळा, मद्याची दुकाने आणि बंदुकांची इतर दुकाने यांच्यापासून किमान ५०० फूट दूर असावे लागते. भागीदारांनी दारापासून दारापर्यंत मोजणी करून घेतली, तेव्हा अंतर ५०० फुटांहून अधिक भरले. नियोजन विभागाने मात्र इमारतीच्या भिंतीपासून निवासी मालमत्तेच्या हद्दीपर्यंत मोजले आणि ते ४४६ फूट निघाले. मध्ये ८८० क्रमांकाचा महामार्ग आडवा असल्याने स्थानिक झोनिंग मंडळाने (कोणत्या जागेचा वापर कशासाठी करता येईल हे ठरवणारे मंडळ) डिसेंबर २०११ मध्ये सवलत दिली. त्यावर तिथल्या घरमालकांच्या संघटनेने अपील केले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने ती सवलत रद्द केली. मग बंदूकधारकांच्या संस्था दुकानदारांच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१६ मध्ये नवव्या सर्किट न्यायालयाच्या (संघराज्याच्या अपील न्यायालयाच्या) तीन न्यायाधीशांच्या पीठाने दुकानदारांच्या बाजूने कौल दिला, तर ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने नऊ विरुद्ध दोन अशा मताने तो फिरवला. काउंटीत दहा दुकाने आधीच आहेत, त्यांतले एक तर नियोजित जागेपासून सुमारे ६०० फुटांवर आहे, त्यामुळे नागरिकांच्या बंदूक मिळवण्याच्या हक्काला धक्का पोहोचल्याचे दिसत नाही, आणि विकण्याचा म्हणून वेगळा घटनात्मक हक्क नाही, असे न्यायालय म्हणाले. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला.

शेजारी जिंकले, हे खरे आहे. पण जो व्यवहार तिथे होऊ दिला नाही तोच व्यवहार ६०० फुटांवर चालू होता आणि त्या दुकानात विक्री कोणत्या काळजीने होते, हा प्रश्न खटल्यात निर्णायक कधीच नव्हता. इतकी वर्षे ५४ फुटांवर खर्च झाली, ही गोष्ट मला फार खटकते. म्हणून माझा प्रश्न असा आहे की दुकान कुठे आहे यापेक्षा ते कसे चालवले जाणार आहे, यावर शेजाऱ्यांनी बोट ठेवावे का आणि तसे ठेवता येते का?

रानवाट

मी टेक्सासमध्ये राहतो, नेमबाजी करतो आणि माझ्याकडे बंदुका आहेत. या विषयावर आपल्या मंडळींमध्ये बंदूकधारकाचे म्हणणे सहसा ऐकूनच घेतले जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

दुकानाला होणारा विरोध आम्हाला का झोंबतो, हे आधी सांगतो. परवानाधारक दुकान ही या देशातल्या बंदूक-व्यवहारातली सर्वांत नियंत्रित जागा आहे. तिथे खरेदीदाराला केंद्रीय नमुना ४४७३ भरावा लागतो, त्यात खोटे लिहिणे गंभीर गुन्हा आहे, आणि १९९८ पासून राष्ट्रीय यंत्रणेमार्फत तत्काळ पार्श्वभूमी तपासणी होते. माझ्या राज्यात दोन खासगी व्यक्तींमधल्या विक्रीला अशी कोणतीही तपासणी लागत नाही. मग ज्या एका जागी नोंद होते आणि तपासणी होते तीच जागा नको म्हणणाऱ्यांना सुरक्षितता हवी आहे की बंदूकधारक माणूसच नजरेआड हवा आहे, अशी शंका आमच्या मनात येते. कॅलिफोर्नियात तर १९९१ पासून खासगी विक्रीही परवानाधारक दुकानातूनच करावी लागते. तिथे दुकान बंद झाले, तर नियम पाळणाऱ्या माणसाचीच वाट लांबते.

दुसरी गोष्ट इतिहासाची आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला १० डॉलर भरून विक्रेत्याचा परवाना मिळत असे आणि देशात सुमारे अडीच लाख परवानाधारक होते. पुढे पहिल्या तीन वर्षांसाठी २०० डॉलर शुल्क आले, १९९४ च्या कायद्याने बोटांचे ठसे, छायाचित्र आणि स्थानिक नियमांचे पालन सक्तीचे केले, आणि दशक संपेपर्यंत विक्रेत्यांची संख्या एक लाखाच्या आत आली. गेलेल्यांत बरेच जण घरच्या टेबलावरून किरकोळ विक्री करणारे होते आणि त्यांच्या जाण्याचे मला वाईट वाटत नाही. मात्र त्यानंतर जे उरले ते दर्शनी दुकानाचे भाडे भरणारे, कर भरणारे व्यावसायिक आहेत. त्यांनाही मद्याच्या गुत्त्यासारखे वागवले की चीड येणारच.

मृण्मयी_ज

रानवाट, तुम्ही इतके मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभार. तुमची नियंत्रित जागेची गोष्ट मला मान्य आहे, पण सगळी दुकाने सारखी नसतात. एटीएफ या बंदूकविक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९९८ मध्ये गुन्ह्यांच्या तपासात ज्या बंदुकांचा माग काढला गेला, त्यांतल्या ५७ टक्के बंदुका अवघ्या १.२ टक्के विक्रेत्यांपर्यंत जाऊन पोहोचत होत्या. बहुसंख्य दुकानांपर्यंत वर्षभरात असा एकही माग गेला नव्हता. अधिक विक्री करणाऱ्या दुकानापर्यंत अधिक माग जाणार, हे गृहीत धरले तरी ही तफावत डोळ्यांआड करण्याजोगी नाही.

विस्कॉन्सिनमधल्या वेस्ट मिलवॉकीचे प्रकरण तर प्रसिद्धच आहे. तिथल्या एका दुकानातून झालेल्या बेनामी खरेदीतली (म्हणजे दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर केलेल्या खरेदीतली) बंदूक २००९ मध्ये दोन पोलिसांवर रोखली गेली आणि दोघेही जबर जखमी झाले. खरेदी करणारा एक आणि बंदूक निवडणारा दुसरा, हे दुकानात सरळ दिसत असताना विक्री झाली. २०१५ मध्ये ज्युरीने त्या पोलिसांना सुमारे ६० लाख डॉलरची भरपाई देण्याचा निर्णय दिला. अशा दुकानाच्या शेजारी राहणाऱ्याने आधीच आवाज उठवला असता, तर त्याला बंदूकद्वेष्टा म्हणणे न्याय्य ठरले असते का?

रानवाट

नसते. बेनामी खरेदी डोळ्यांदेखत होऊ देणाऱ्या दुकानदाराची बाजू मी घेणार नाही आणि माझ्या ओळखीतले बंदूकधारकही घेणार नाहीत. विक्रेत्यांच्या राष्ट्रीय व्यापारी संघटनेने एटीएफच्या सोबतीने २००० पासून बेनामी खरेदी ओळखण्याचे प्रशिक्षण आणि दुकानात लावायचे फलक देण्याची मोहीम चालवली आहे, हेही नोंदवतो. पण तुम्हीच दिलेल्या आकड्यांचा दुसरा अर्थ पाहा. बहुसंख्य दुकानांपर्यंत माग जात नसेल, तर नव्या दुकानाला उघडण्यापूर्वीच गुन्ह्याशी जोडणे अन्यायाचे आहे.

कृष्णाकाठ

मी व्हर्जिनियात वकिली करतो, त्यामुळे कायद्याची बाजू मांडतो.

मृण्मयीताई, शेजाऱ्यांना काय मागता येते हे राज्यागणिक बदलते. चाळीसहून अधिक राज्यांत बंदुकांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्याने आपल्याकडे ठेवला आहे आणि शहरांचे हात बहुतांशी बांधले आहेत. आमच्या आर्लिंग्टनमध्ये २०१६ मध्ये लायन पार्क या वस्तीत बंदुकांचे दुकान येणार असे कळल्यावर रहिवाशांनी सह्या गोळा केल्या आणि काही लोकप्रतिनिधींनी जागेच्या मालकाला पत्र लिहिले. पण काउंटीच्या हाती नकार देण्याचा अधिकारच नव्हता. मार्चमध्ये दुकान उघडले, तेव्हा दूरदूरचे बंदूकधारक मुद्दाम खरेदीला आले. त्यानंतर दुकानाने रहिवासी आणि लोकप्रतिनिधी अशा ६४ जणांवर २१ लाख डॉलरचा दावा ठोकला.

त्या दाव्याचा बंदूकधारकांच्या प्रतिसादाच्या दृष्टीने मी गंभीरपणे विचार केला आहे. मुद्दाम जाऊन खरेदी करणे हा त्यांचा पूर्ण हक्क आहे. शेजाऱ्यांना बहिष्काराचा हक्क आहे, तसाच तो आहे. राजकीय हेतूने केलेल्या बहिष्काराला घटनेचे संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मिसिसिपीतल्या खटल्यात स्पष्ट केले आहे. परंतु पत्रावर सही केली म्हणून सामान्य रहिवाशाला न्यायालयात खेचणे मला अत्यंत गैर वाटते. दावा टिको वा न टिको, समन्स हातात पडलेल्या माणसाला वकील शोधावा लागतो आणि पुढच्या वेळी सभेत तोंड उघडण्यापूर्वी त्याचे शेजारीही दहादा विचार करतात. सुदैवाने कॅलिफोर्नियात सार्वजनिक प्रश्नावर बोलणाऱ्यांना अशा दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा १९९२ पासून आहे, त्यामुळे तुमच्याकडे लोकांनी निर्भयपणे बोलावे.

सरसकट बंदीच्या वाटेला मात्र कोणी जाऊ नये. शिकागोत शहराच्या हद्दीत बंदूक विकायला पूर्ण मनाई होती. जानेवारी २०१४ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर शहराने दुकानांना परवानगी दिली खरी, पण ती शहराच्या जेमतेम अर्धा टक्का जमिनीवर. याच धर्तीवर नेमबाजीच्या जागांवर घातलेली झोनिंगची बंधने २०१७ मध्ये अपिलात रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालापासून तर प्रत्येक बंधनाला ऐतिहासिक परंपरेचा आधार दाखवावा लागतो.

आजोळ

मी बॉस्टनच्या बाजूला राहते. न्यूटनमध्ये २०२१ च्या वसंतात बंदुकांच्या दुकानाची बातमी आली, तेव्हा तिथे सहज शंभर-दोनशे माणसे रस्त्यावर उभी राहत होती आणि त्यांत आपल्याकडच्याही आया होत्या. नगर परिषदेत संपूर्ण बंदीचा प्रस्ताव टिकला नाही, पण जूनमध्ये झोनिंगच्या नियमात दुरुस्ती होऊन अशा दुकानांच्या जागा मर्यादित झाल्या आणि विशेष परवानगी सक्तीची झाली. शेजारच्या ब्रुकलाइनमध्येही तसाच विचार झाला. लोक संघटित झाले, तर काही घडू शकते हे त्यातून दिसले. जे दुकान माझ्या मुलाच्या शाळेच्या रोजच्या वाटेवर येणार, त्याविषयी मला काही म्हणता येऊ नये, हे मी मान्य करणार नाही.

रानवाट

आजोळताई, तुमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये बंदूक घेणाऱ्याला आधी स्थानिक पोलिसांकडून परवाना घ्यावा लागतो. म्हणजे त्या दुकानात येणारे गिऱ्हाईक पोलिसप्रमुखाने आधीच पारखलेले असते. त्या माणसापासून तुमच्या मुलाला नेमका कोणता धोका होता, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

आजोळ

प्रश्न रास्त आहे. गिऱ्हाइकापेक्षा मला दुकान फोडले जाण्याची भीती अधिक वाटत होती. रात्री मोटार घालून दर्शनी काच फोडायची आणि हाती लागतील त्या बंदुका उचलायच्या, असे प्रकार या देशात घडतात. त्या चोरीच्या बंदुका घेणाऱ्याला कोणताही पोलिसप्रमुख पारखत नाही. दुकान बंद झाल्यावर बंदुका तिजोरीत ठेवण्याचे बंधन किंवा दर्शनी भागाला लोखंडी अडसर, यांविषयी कोणी आधी बोलले असते, तर माझी अर्धी भीती तिथेच संपली असती, हेही मान्य करते.

विश्राम_पु

पुण्यातून वाचतो आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार आधी परवाना आणि मग खरेदी असा क्रम आहे. अर्जावर पोलिसांचा अहवाल येतो, कारण पटले तर परवाना मिळतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. बंदुकांची जुनी दुकाने आपल्या शहरांत भर वस्तीत आहेत, पण त्यांच्याविरुद्ध सह्यांचे पत्रक फिरल्याचे माझ्या पाहण्यात नाही. खरेदीदाराची पारख दुकानाबाहेर आधीच झालेली असल्याने शेजाऱ्यांचा रोख दुकानाकडे वळत नसावा, असे मला वाटते. मग अमेरिकेत दुकानाच्या दाराशी एवढा संघर्ष होतो, याचे कारण हेच असेल का की पारख करण्याचे सारे ओझे तिथे त्या काउंटरवरच पडते?

कृष्णाकाठ

तुमचे निरीक्षण मोलाचे आहे, पण ते पूर्ण उत्तर नाही. इलिनॉयमध्येही १९६८ पासून बंदूक बाळगण्यासाठी राज्याचे ओळखपत्र लागते. तरीही शिकागोच्या हद्दीला लागून असलेल्या रिव्हरडेलच्या दुकानासमोर वर्षानुवर्षे निदर्शने झाली आणि जून २००७ मध्ये नागरी हक्कांचे नेते जेसी जॅक्सन आणि कॅथलिक धर्मगुरू फादर मायकेल फ्लेगर यांना तिथे अटकही झाली. ज्या वस्त्यांतली मुले गोळीबारात मरत होती, त्या वस्त्यांना शहरात मनाई असताना हद्दीपलीकडे काही मिनिटांवर विक्री होत असल्याचे दिसत होते. ओळखपत्र असलेला माणूस दुसऱ्यासाठी खरेदी करू शकतो आणि तिथे काउंटरवरच्या माणसाची नजरच कामी येते.

ओंजळ

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते आणि या धाग्यात अजून न आलेली एक बाजू मांडते आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीमुळे ४८,८३० मृत्यू झाले आणि त्यांतले २६,३२८ आत्महत्येचे होते. दुकानाभोवतीच्या वादात चोर आणि टोळ्यांचीच चर्चा होते आणि अर्ध्याहून अधिक मृत्यू चर्चेबाहेर राहतात.

न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एका आठवड्याच्या आत, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या तीन व्यक्तींनी एकाच दुकानातून बंदूक विकत घेतली आणि काही तासांतच त्या बंदुकीने आपले आयुष्य संपवले. दुकानाने एकही नियम मोडलेला नव्हता. हे समजल्यावर दुकानदाराला फार धक्का बसला. आपले काय चुकले आणि काही वेगळे करता आले असते का, याचा तो विचार करू लागला. पुढे तिथले दुकानदार, नेमबाजीचे प्रशिक्षक आणि आत्महत्या-प्रतिबंधाचे काम करणारे लोक एकत्र बसले. संकटात असलेले गिऱ्हाईक कसे ओळखावे, खरेदीची घाई, देखभालीविषयी किंवा काडतुसांविषयी बेफिकिरी अशा खुणा दिसल्या तर काय करावे, विक्री नाकारण्याचा हक्क दुकानदाराला आहेच, अशी सूचनापत्रे त्यांनी मिळून तयार केली. घरातले कोणी खचलेले असेल, तर बंदुका काही काळ घराबाहेर ठेवा, असे सांगणारे फलकही केले. ते साहित्य राज्यभरच्या दुकानांना पाठवले गेले आणि नंतर न सांगता भेटी दिल्या, तेव्हा जवळजवळ निम्म्या दुकानांत ते लावलेले आढळले. ते लावण्याची सक्ती कोणावरही नव्हती. पुढे इतर अनेक राज्यांनी हा मार्ग उचलला. कोलोरॅडोत तर संकटाच्या काळात बंदुका सांभाळून ठेवणाऱ्या दुकानांचा नकाशाच २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे काम बंदूकधारकांना बाजूला ठेवून कधीच झाले नसते. त्या फलकावरचा मजकूर डॉक्टरांनी एकट्याने लिहिला असता, तर कोणत्याही दुकानदाराने तो भिंतीवर लावला नसता. घरात बंदूक असलेल्या माणसाचा विश्वास ज्याच्यावर आहे, त्याच्याच तोंडून हे यावे लागते, आणि तो माणूस बहुतेक वेळा दुकानाच्या काउंटरमागे उभा असतो.

रानवाट

ओंजळताई, हा प्रतिसाद मी आमच्या नेमबाजीच्या गटात वाचून दाखवणार आहे.

याच अनुषंगाने आमच्या बाजूचे एक जुने प्रकरण मांडतो. मार्च २००० मध्ये बंदुका बनवणाऱ्या स्मिथ अँड वेसन कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला. बंदुकीसोबत कुलूप देणे आणि आपला माल विकणाऱ्या दुकानांना आचारसंहिता लावणे ही कलमे त्यात होती. शहरांनी उत्पादकांवर लावलेल्या दाव्यांच्या दडपणाखाली तो झाला, म्हणून बंदूकधारक भडकले आणि त्यांनी बहिष्कार घातला. त्यांचा राग मला समजतो. परंतु त्याचा परिणाम असा झाला की टॉमकिन्स या ब्रिटिश कंपनीने १९८७ मध्ये ११ कोटी २५ लाख डॉलरला घेतलेली ती कंपनी २००१ मध्ये दीड कोटीला विकली, आणि स्वतःहून काही सुधारू पाहणाऱ्या प्रत्येक उत्पादकाला आपल्याच गिऱ्हाइकाची धास्ती बसली. त्या आचारसंहितेतल्या काही गोष्टी आम्ही स्वतः पुढे होऊन स्वीकारल्या असत्या, तर आज शेजाऱ्यांशी बोलताना आमची बाजू पुष्कळ बळकट असती.

मृण्मयी_ज

सर्वांचे मनापासून आभार. मी त्या पत्रकावर सही करणार नाही. सुनावणीत स्वतः बोलणार आहे. कॅलिफोर्नियात खरेदीनंतर दहा दिवस थांबावेच लागते आणि २०२४ पासून दुकानात चित्रीकरणही सक्तीचे आहे, त्यामुळे त्या मागण्या करण्यात अर्थ नाही. रात्री माल तिजोरीत राहील का, दर्शनी भागाला मोटार अडवणारे खांब असतील का, विक्री करणाऱ्यांना बेनामी खरेदी ओळखण्याचे प्रशिक्षण दिले जाईल का आणि न्यू हॅम्पशायरसारखी सूचनापत्रे काउंटरवर ठेवली जातील का, हे मी विचारणार आहे. ही उत्तरे परवानगीच्या अटींमध्ये लेखी यावीत, असा माझा आग्रह राहील. उत्तरे मिळाली नाहीत, तर मी उघडपणे विरोध करेन आणि त्यासाठी फुटपट्टी हाती घेणार नाही.

कृष्णाकाठ

यांतल्या तिजोरी आणि खांबांसारख्या अटी भूवापराच्या परवानगीत सहज बसतात. प्रशिक्षण आणि सूचनापत्रे यांच्यावर मात्र आक्षेप येऊ शकतो, म्हणून ती दुकानदाराकडून स्वेच्छेने लिहून घेतलेली बरी. प्रश्न सुनावणीच्या आधीच लेखी पाठवा, म्हणजे ते कागदपत्रांत नोंदले जातील आणि पुढे अपील करायची वेळ आली, तर मुद्दा आधी मांडलाच नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही.

रानवाट

आणि प्रश्न आयोगाला पाठवण्यापूर्वी एकदा अर्जदाराला प्रत्यक्ष भेटा. सभागृहात सर्वांसमोर विचारल्यावर माणूस बचावाला उभा राहतो. तीच गोष्ट आधी समोरासमोर बसून बोललात, तर दोन खांबांसाठी तो नाही म्हणेल असे मला वाटत नाही. त्या भागातल्या नेमबाजांपैकी कोणी माझ्या ओळखीचे निघाले, तर तुमच्यासोबत यायला सांगतो. निरोपातून शहराचे नाव कळवा.